सुमित्रा भावे यांचे चित्रपट : निवेदिकेच्या भाषेचा प्रश्न

सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्याचा बराचसा भाग विषयवार आहे. ‘देवराई’ हा छिन्नमनस्कतेवरील चित्रपट, ‘नितळ’ हा अंगावरील पांढऱ्या डागांवरील, ‘अस्तु’ हा स्मृतिभ्रंशावरील, ‘कासव’ हा नैराश्यावरील अशी एक यादी सिद्ध होते. आणि ती वाचताना एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या दारावरील विभागांची पाटी वाचीत असल्याचा भास होतो. यादी खोटी नाही. परंतु तिच्यामुळे एक घोटाळा झाला आहे. ज्या कलावतीने छत्तीस वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी तपासला, तिला आपण निरनिराळ्या प्रश्नांवर एकेक चित्रपट काढणारी समाजसेविका ठरवून मोकळे झालो. तो एक प्रश्न माझ्या मते भाषेचा आहे. अधिक नेमके बोलावयाचे तर, ज्याच्याजवळून आपण ज्ञान मिळवितो त्याला ते ज्ञान कोणत्या भाषेत परत करावयाचे, आणि जो बोलू शकत नाही किंवा ज्याला बोलू दिले जात नाही त्याचे म्हणणे कोणी व कसे मांडावयाचे, हा तो प्रश्न होय.

श्रीमती भावे यांचा जन्म १९४३ सालचा. त्यांचे शिक्षण पुण्यास राज्यशास्त्र व समाजशास्त्र या विषयांत झाले. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन केले. मध्यंतरी दिल्ली आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचण्याचे कामही त्यांनी केले होते. त्या आवाजाची आठवण पुढे एका वेगळ्या ठिकाणी येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) या चित्रपटात माई नावाच्या दिवंगत गायिकेची व्याख्याने केवळ ध्वनिफितीवरून ऐकू येतात, ती व्यक्ती पडद्यावर कधी दिसत नाही. तो आवाज श्रीमती भावे यांचा आहे. चित्रपटदिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते. त्या चित्रपटाकडे वळल्या त्या संशोधनाच्या वाटेने.

१९८० नंतरच्या दशकात त्या पुण्यात ‘स्त्रीवाणी’ या संशोधनप्रकल्पाचे काम करीत होत्या. कष्टकरी स्त्रियांची स्वतःविषयीची प्रतिमा काय आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे असा या कामाचा हेतू होता. त्यातील आठ दलित स्त्रियांची कथने पुढे गेल ऑम्वेट यांच्या भाषांतराने १९८८ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. क्षेत्रीय संशोधनात जिच्याकडून आपण सामग्री घेतो तिला आपण निवेदिका म्हणतो. निवेदिका बोलते, आपण टिपून घेतो. टिपलेले पारखून, क्रम लावून, परिभाषेच्या भाषेत त्याचा निबंध होतो. आणि तो निबंध ज्या थोड्या माणसांना वाचता येतो त्यांत ती निवेदिका कधीच नसते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची वऱ्हाडीसह अनेक बोलींतील रूपे त्यात छापलेली आहेत, आणि आम्ही वऱ्हाडीचे अभ्यासक अद्यापही त्यांचा आधार घेतो. ज्यांच्या मुखातून ती रूपे आली त्यांपैकी किती जणांच्या हाती तो खंड पडला असेल याचा विचार आपल्या शास्त्राने फारसा केलेला नाही.

श्रीमती भावे यांनी तो केला. आपल्या संशोधनाचा अहवाल या स्त्रिया वाचू शकणार नाहीत, तर मग त्यांच्याचसाठी त्यांचेच जीवन पडद्यावर मांडावे, या विचारातून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट झाला. झोपडपट्टीत राहणाऱ्या एका स्त्रीची ती कथा आहे. त्या वेळी दिग्दर्शिकेचे वय बेचाळीस वर्षांचे होते आणि चित्रपटतंत्राचा पूर्वानुभव शून्य होता. सुनील सुकथनकर हे तरुण सहकारी याच काळात त्यांच्यासोबत आले, ‘विचित्र निर्मिती’ ही संस्था उभी राहिली, आणि सुकथनकर यांनी पुढे पुण्याच्या चित्रपटसंस्थेत दिग्दर्शनाचे शिक्षण घेतल्यावर या जोडीचे तंत्राचे अंग भक्कम झाले. पुढील बहुतेक चित्रपटांवर दोघांचीही नावे आहेत. प्रस्तुत लेखात मी श्रीमती भावे यांचे एकट्यांचे नाव घेतो ते बहुतांशी कथा-संवादांच्या लेखिका या नात्याने.

वऱ्हाडातील वाचकाला या आरंभाचे फारसे नवल वाटू नये. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न उपस्थित झाला होता. केशिराजासारखा पंडित संस्कृतात रचना करू पाहत असता नागदेवाचार्यांनी त्याला अडविले. कारण काय, तर संस्कृतामुळे आपल्या म्हाताऱ्या बायकांची नागवण होईल. ‘स्मृतिस्थळा’तील हा प्रसंग मराठीच्या अभिमानाची साक्ष म्हणून आपण नेहमी सांगतो. परंतु त्यात मराठीच्या थोरवीपेक्षा श्रोत्याच्या हक्काचा विचार अधिक आहे. ज्या म्हाइंभटाने गावोगाव फिरून, ज्याने जे ऐकले-पाहिले त्याच्याकडून ते जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि एकाच लीळेचे निरनिराळ्या व्यक्तींनी सांगितलेले पाठ नोंदविले, तो आपल्या अर्थाने क्षेत्रीय संशोधकच होता. त्याचा निबंध त्याच्या निवेदकांना ऐकता येत होता, एवढाच त्याच्यात व आपल्यात फरक.

चित्रपटाच्या क्षेत्रात हा विचार जगात अन्यत्र कोणी केला असे विचारल्यास पहिले नाव पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलच्या उस्मान सेम्बेन (१९२३–२००७) यांचे घ्यावे लागते. सेम्बेन मार्सेय बंदरात गोदीकामगार होते. १९५६ साली त्यांची पहिली फ्रेंच कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६० पर्यंत ते नावाजलेले कादंबरीकार झाले. पण ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना वाचता येत नाही, आणि आले तरी फ्रेंच येत नाही, हे त्यांना डाचत राहिले. म्हणून त्यांनी मॉस्कोला जाऊन चित्रपटकला शिकून घेतली व वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १९६३ मध्ये, डाकार शहरातील एका गाडीवानाच्या दिवसावर ‘बोरोम सारेत’ हा लघुपट काढला. चित्रपट ही आपल्या लोकांची रात्रीची शाळा आहे असे ते मानीत. (गाडगेबाबांचे वऱ्हाडीतील, प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेणारे कीर्तन ज्या प्रदेशात झाले, तेथे या कल्पनेचे स्पष्टीकरण करण्याची आवश्यकता नाही.) दोघांच्याही वाटेतील वळण एकच आहे : लेखणीने जे साधत नाही ते साधण्यासाठी चाळिशीत कॅमेरा हाती घेणे. मात्र सेम्बेन यांच्यापुढील पेच उघड होता. परकी राज्यभाषा एका बाजूला आणि वोलोफ दुसऱ्या बाजूला. ‘मंडाबी’ (१९६८) हा त्यांचा चित्रपट वोलोफमध्ये झाला खरा, परंतु फ्रेंच शासनाचा पैसा घेतल्यामुळे त्याची एक फ्रेंच आवृत्तीही चित्रित करावी लागली. पुढे ‘सेद्दो’ (१९७७) या चित्रपटावर सेनेगलमध्ये बंदी आली, तिचे अधिकृत कारण असे देण्यात आले की, शीर्षकात ‘द’ हे अक्षर दोनदा लिहिले आहे, आणि शासनाच्या लेखननियमानुसार ते एकदाच हवे! राष्ट्राध्यक्ष सेंघोर हे स्वतः कवी व भाषेचे जाणकार होते. शुद्धलेखनाच्या नियमाने एखादी कलाकृती सात-आठ वर्षे अडवून धरता येते, हे भाषेच्या अध्यापकांनी विसरू नये.

श्रीमती भावे यांचा पेच इतका उघड नव्हता, आणि म्हणून तो अधिक कठीण होता. त्यांची निवेदिकाही मराठी बोलणारी आणि त्याही मराठी बोलणाऱ्या. मग भाषा वेगळी कोठे? ती वेगळी आहे हे पुण्याच्या माणसाला पटवून द्यावे लागते. अकोटच्या माणसाला तसे पटवून द्यावे लागत नाही. आमच्या वर्गातील विद्यार्थी घरी ‘मले’ म्हणतो आणि वर्गात ‘मला’ म्हणतो. घरी तो ‘काहून’ विचारतो आणि वर्गात ‘का’ विचारतो. त्याच्या आजीचे ‘डोये’ दुखत असतात आणि डॉक्टरसमोर त्याच आजीचे ‘डोळे’ दुखू लागतात. ही भाषा बदलताना तो आपली पायरीही बदलीत असतो.

या दृष्टीने ‘दोघी’ (१९९५) हा त्यांचा पहिला मोठा कथापट तपासून पाहण्यासारखा आहे. गौरी आणि कृष्णा या दोन बहिणींची ही कथा. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होऊन नवरामुलगा मरतो, घर मोडते, आणि मामा तिला मुंबईस घेऊन जातो. तेथून ती पैसे पाठवू लागते, त्या पैशांनी घर पुन्हा उभे राहते. ती मुंबईत काय करते हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीच उच्चारत नाही. उत्तरा बावकर यांनी उभी केलेली आई पाहताना ध्यानात येते की, या चित्रपटाचा खरा विषय वेश्याव्यवसाय नव्हे, एक न उच्चारलेला शब्द आहे. घरातील प्रत्येक वाक्य त्या शब्दाला वळसा घालून जाते. पैसा आला हे बोलावयाचे. कोठून आला हे बोलावयाचे नाही. कृष्णा शेवटी हा वळसा नाकारते. सोनाली कुलकर्णी, रेणुका दफ्तरदार आणि उत्तरा बावकर यांच्या अभिनयाची स्तुती पुष्कळ झाली आहे, ती येथे पुन्हा करीत नाही.

परंतु भाषेच्या अभ्यासकाला येथे एक आक्षेप नोंदवावा लागतो. ‘दोघी’तील माणसे ज्या मराठीत बोलतात ती मराठी चित्रपटांच्या परंपरेतील ‘ग्रामीण’ मराठी आहे. या ग्रामीण मराठीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आपला बोलपट कोल्हापुरात वाढला. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास गेली तरी कोल्हापूरचे चित्रपटगृहउद्योग व कलावंत यांचा पगडा पुढे कितीतरी काळ राहिला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची एक बोली ‘खेड्याची भाषा’ म्हणून पडद्यावर रूढ झाली, आणि जे खेडे कोल्हापूर-साताऱ्याकडचे नव्हते त्यानेही पडद्यावर तीच बोलावी असा पायंडा पडला. वऱ्हाडी, अहिराणी, झाडी यांना या व्यवस्थेत एक तर विनोदापुरती जागा मिळाली किंवा मिळालीच नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मध्ये विदर्भातील कापूस पिकविणारा शेतकरी वऱ्हाडी बोलताना ऐकला तेव्हा इकडच्या प्रेक्षकाला आपले घर पडद्यावर दिसल्यासारखे झाले. त्यापूर्वी असा अनुभव फार थोड्यांदा आला होता. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांनी करमाळ्याकडच्या बोलीसाठी हेच केले. ज्या दिग्दर्शिकेचा आरंभच निवेदिकेच्या शब्दाविषयीच्या आदरातून झाला, तिने आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटात ही तयार ‘ग्रामीण’ भाषा का स्वीकारावी? माझ्या मते याचे उत्तर प्रेक्षकात आहे. ‘बाई’चा प्रेक्षक ती बाईच होती. ‘दोघी’चा प्रेक्षक सर्व महाराष्ट्र, आणि चित्रपटमहोत्सवांतून त्याच्याही पलीकडचे जग होते. निवेदिका पडद्यावर राहिली, पण समोरच्या खुर्चीतून उठली.

शासनाने या चित्रपटांना जी पारितोषिके दिली त्यांची नावेच या संदर्भात बोलकी आहेत. ‘बाई’ला कुटुंबकल्याणविषयक लघुपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ‘दोघी’ला सामाजिक प्रश्नांवरील चित्रपटाचे. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांचा शेष हा एक छिन्नमनस्क तरुण आहे आणि त्याच्या भ्रमाचा व ध्यासाचा केंद्रबिंदू गावाजवळची देवराई आहे; त्याला पारितोषिक मिळाले ते पर्यावरणसंरक्षणाचे. यात कोणाची चूक झाली असे नाही. पण एका माणसाच्या मनात ज्या झाडांनी गर्दी केली आहे ती झाडे परीक्षकांना दिसली आणि तो माणूस विभागांच्या कोष्टकात कोठे बसला नाही, हे ‘समस्यापट’ या वर्गीकरणाचे फळ आहे. स्वतंत्र चित्रपटकार म्हणजे ज्याला मोठा स्टुडिओ, मोठा नट आणि गाण्यांचा वायदा यांच्यावर विसंबावे लागत नाही तो, अशी व्याख्या आपण करतो. ती अपुरी आहे. या सर्वांपासून सुटलेल्या दिग्दर्शकाला विषयावर विसंबावे लागते. कोणत्या प्रश्नावर चित्रपट आहे हे सांगितल्यावाचून त्याला ना पैसा मिळतो, ना सभागृह, ना परीक्षणाचा स्तंभ. श्रीमती भावे यांना या अवलंबित्वाची किंमत मोजावी लागली, आणि ‘नितळ’ (२००६) सारख्या चित्रपटात ती स्पष्ट दिसते. तेथे पात्रे अधूनमधून माहितीपत्रक वाचल्याप्रमाणे बोलतात. ‘दहावी फ’ (२००२) मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांचे संबंध हृद्य आहेत, पण शिक्षकाच्या तोंडी येणारी काही वाक्ये नाट्यापेक्षा व्याख्यानाला जवळची आहेत. ‘वास्तुपुरुष’ (२००२) या दोषापासून पुष्कळ मुक्त आहे. कूळकायद्यानंतरच्या एका देशपांड्यांच्या वाड्यातील उतरती कळा त्यात आहे, आणि मुलाला डॉक्टर करण्याचा त्या घरातील आईचा हट्ट कोणत्याही प्रश्नाच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच तो स्मरणात राहतो. ‘संहिता’ (२०१३) विषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे; एका कथेची पटकथा होताना लेखिकेच्या मनात काय घडते हा तिचा विषय, आणि तो येथील विवेचनाच्या कक्षेबाहेर जातो.

‘एक कप च्या’ (२००९) या चित्रपटाकडे मात्र अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. किशोर कदम यांनी साकारलेला एस. टी. चा एक वाहक, त्याचे कोकणातील साधे घर, आणि त्या घरी एके दिवशी येऊन पडलेले हजारो रुपयांचे विजेचे बिल, एवढी त्याची कथावस्तू. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तो वापरू पाहतो. शीर्षकातील ‘च्या’ हे रूप पाहावे. छापील मराठीत तो शब्द ‘चहा’ असा आहे, आणि कचेरीत ‘चहापाणी’ या शब्दाला जो आणखी एक अर्थ आहे तो सर्वांना ठाऊक आहे. वाहकाच्या घरात ‘च्या’ उकळतो, आणि कचेरीत ‘चहापाणी’ लागते. सेम्बेन यांच्या ‘मंडाबी’शी या चित्रपटाचे साम्य विलक्षण आहे. तेथे इब्राहिमा दियेंग या निरक्षर बेकाराला पॅरिसहून पुतण्याची मनिऑर्डर येते, आणि आपण तोच माणूस आहोत हे सिद्ध करणारा कागद नसल्याने ती त्याला वठविता येत नाही. येथे देणे आहे, तेथे येणे आहे. परंतु दोन्हीकडे एक कागद घरात शिरतो आणि घराचा ताबा घेतो. फरक भाषेचा आहे. दियेंगचा कागद फ्रेंचमध्ये आहे. तो समजत नाही याची त्याला लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्या वाहकाचा कागद मराठीत आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर आपण जी शासकीय मराठी घडविली, तिच्यातील ‘उपरोक्त विषयान्वये’ आणि ‘नियमोचित कार्यवाहीस्तव’ हे ज्याच्या वाट्याला येते तो माणूस मराठी असून मराठीपुढे अडाणी ठरतो. परक्या भाषेचा जुलूम ओळखता येतो. स्वभाषेचा जुलूम ओळखावयास असा चित्रपट लागतो. माहितीचा अर्ज लिहिणे ही त्या वाहकासाठी भाषा शिकण्याची क्रिया आहे, आणि दिग्दर्शिकेने ती घाई न करता दाखविली आहे.

या सर्व प्रवासाचा कळस माझ्या मते ‘अस्तु’ (२०१३) हा होय. डॉ. मोहन आगाशे यांनी यातील डॉ. चक्रपाणी शास्त्री यांची भूमिका केली आहे. शास्त्री संस्कृतचे थोर पंडित आहेत आणि त्यांची स्मृती जात चालली आहे. एके दिवशी मोटारीत बसलेले असता त्यांना रस्त्याने जाणारा हत्ती दिसतो, ते उतरतात आणि हत्तीमागून चालू लागतात. मुली शहरभर शोधीत असताना शास्त्री माहुताच्या पालावर असतात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) कानडी बोलणारी आहे. शास्त्र्यांचे संस्कृत तिला ठाऊक नाही, तिचे कानडी त्यांना येत नाही, आणि मराठी दोघांच्या मध्ये केवळ कामापुरती आहे. ती त्यांना लेकरासारखे वागविते. ते तिला आई म्हणू लागतात.

या प्रसंगांची स्तुती बहुधा ‘माणुसकीची भाषा’ अशा शब्दांत केली जाते. ही स्तुती आळशीपणाची आहे. चित्रपटात दिसते ते याहून नेमके आहे. शास्त्र्यांच्या बाबतीत भाषा एकदम जात नाही. ती एका क्रमाने जाते. नावे जातात, नाती जातात, कालचे आणि आजचे यांतील भेद जातो. पण लहानपणी पाठ केलेले श्लोक राहतात, त्यांचा छंद राहतो, त्यांचा स्वर राहतो. पाठांतर हे स्मरणाच्या सर्वांत खालच्या थरात असते, हे वैदिक पठणाची परंपरा असलेल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. पण त्या थरापर्यंत पोचलेल्या माणसाशी संवाद कोण करू शकेल? त्याची सुशिक्षित मुलगी करू शकत नाही. ती अर्थाची मागणी करते : बाबा, मी कोण? चन्नम्मा अर्थाची मागणी करीत नाही. तिचे बोलणे आज्ञार्थी, लहान, पुन्हापुन्हा येणारे आहे. आई तान्ह्याशी बोलते त्या वळणाचे. भाषाशास्त्रात या बोलण्याचा अभ्यास झालेला आहे आणि त्याचे विशेष नमूद आहेत : उंच स्वर, लहान वाक्ये, पुनरुक्ती. दिग्दर्शिकेने ते विशेष कोणत्या ग्रंथातून उचलले असे मला म्हणावयाचे नाही. क्षेत्रात वावरलेल्या कानाने ते टिपले आहेत.

येथे आमच्या भागातील एक उदाहरण द्यावेसे वाटते. अकोटच्या बाजारात सातपुड्याच्या पायथ्याकडून कोरकू स्त्रिया येतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. दुकानदार वऱ्हाडी बोलतो, ती बाई तिच्या हिशेबाची चार वऱ्हाडी रूपे बोलते, आणि व्यवहार होतो. या देवघेवीला आपण ‘तुटपुंजी भाषा’ म्हणतो. पण तुटपुंजी कोणाची? दुकानदाराला कोरकूचा एकही शब्द येत नाही. तिला त्याच्या भाषेतील चार तरी येतात. ‘अस्तु’मध्ये चन्नम्माचे पारडे असेच जड आहे. ज्याला एक भाषा उत्तम येत होती त्याच्यापेक्षा जिला दोन भाषा कामापुरत्या येतात ती अधिक समर्थ ठरते. पंडिताच्या मुलीला जे साधले नाही ते तिला साधते, याचे कारण केवळ तिच्या अंतःकरणात शोधू नये. अपुऱ्या भाषेत जगण्याची तिला सवय आहे.

‘अस्तु’ला राष्ट्रीय पारितोषिकांत अमृता सुभाष यांच्या साहाय्यक भूमिकेसाठी आणि श्रीमती भावे यांच्या संवादलेखनासाठी सन्मान मिळाला. भाषा नाहीशी होण्याच्या कथेला संवादाचे पारितोषिक मिळावे, यात परीक्षकांची दृष्टी या वेळी विभागांच्या कोष्टकापलीकडे गेली असे म्हणता येईल. तरीही हा चित्रपट सर्वसाधारण चित्रपटगृहांत येण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

‘कासव’ (२०१६) या चित्रपटास सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर तो मान मिळविणारा हा पाचवा मराठी चित्रपट. आत्महत्येचा प्रयत्न केलेला मानव हा तरुण आणि स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी यांची ही कथा. समुद्रकाठी कासवांची अंडी जपण्याचे काम चालले आहे, आणि जानकी त्या मुलाला काहीही न विचारता आपल्याकडे ठेवून घेते. निवेदकाला प्रश्न न विचारता त्याच्याजवळ बसून राहणे ही क्षेत्रीय संशोधनातील सर्वांत कठीण पद्धती आहे. चित्रपटाचा पूर्वार्ध या पद्धतीने चालतो आणि तो उत्तम आहे. उत्तरार्धात मानव बोलू लागतो तेव्हा त्याच्या तोंडची वाक्ये फार नीटनेटकी होतात. इतके दिवस गप्प राहिलेला माणूस इतका सुसूत्र बोलेल याविषयी मला शंका आहे. कासव आणि मानव यांचे रूपकही थोडे अधिक उघडे पडते.

‘दिठी’ (२०१९) हा श्रीमती भावे यांचा अखेरचा कथापट. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर तो आधारलेला आहे आणि दिग्दर्शन त्यांचे एकट्यांचे आहे. त्यांचे निधन १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यास झाले. चित्रपट प्रेक्षकांना घरबसल्या पाहावयास मिळाला तो त्यानंतर महिनाभराने. शीर्षक संस्कृत ‘दृष्टि’, प्राकृत ‘दिट्ठि’ या क्रमाने आलेला जुना मराठी शब्द आहे, आणि पोथ्यांत तो अद्याप जिवंत आहे. रामजी या लोहाराचा तरुण मुलगा पुरात बुडून मेला आहे. किशोर कदम हेच येथेही प्रमुख भूमिकेत आहेत. बाहेर पाऊस आहे, वारकरी मंडळी पोथीला बसली आहेत, आणि त्याच वेळी एक गाय अडली आहे. तिला सोडविण्याचे कसब रामजीच्या हातात आहे.

या चित्रपटाची बोलीही वस्तुतः पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची आहे, आणि ‘दोघी’संबंधी केलेला आक्षेप येथे कायम ठेवता आला असता. पण येथे एक निराळी गोष्ट घडली आहे. रामजी आणि त्याचे सोबती ज्या बोलीत एकमेकांना हाका मारतात, तिच्याच शेजारी त्यांच्या तोंडात सातशे वर्षांपूर्वीची मराठी आहे. ती त्यांनी वाचून मिळविलेली नाही. ऐकून मिळविली आहे. दोन भाषास्तर एकाच माणसात राहतात आणि तो कोणतीही पायरी न बदलता एकातून दुसऱ्यात जातो. शोकात बुडालेल्या लोहाराला अद्वैताची ओवी टोचते ती तिचा अर्थ कळत नाही म्हणून नव्हे. अर्थ त्याला पुरता कळतो, आणि मुलगा गेल्यावर तो अर्थ मान्य होत नाही. निरक्षर माणूस म्हणजे ज्याच्याजवळ अनुभव आहे पण विचार नाही, असे आपण धरून चालतो. आपल्या प्रश्नावल्याही तशाच असतात, त्या निवेदकाकडून प्रसंग मागतात आणि मीमांसा स्वतःकडे ठेवतात. ‘बाई’मधील निवेदिकेने आपले जीवन सांगितले होते. ‘दिठी’तील लोहार ओवीशी वाद घालतो, आणि तो वाद अर्धवट सोडून, हातांना तेल लावून, गोठ्यात जातो.